तुटायचेच तर दोरी तुटावी

रुतलेली गाडी बाहेर काढायला आपल्याकडे माणसे बोलवावी लागत नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या कच्च्या वाटेवर किंवा दापोलीकडच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी पोटावर बसली, की बघता बघता दहा जण जमतात. कुणी ट्रॅक्टर आणतो, कुणी साखळी, कुणी होडीचा दोर. टोचन लावायचे ठरते आणि कुणीतरी गुडघ्यावर बसून बंपरखाली डोकावतो. चिखलाने माखलेले एखादे कडे दिसते, त्यात हुक अडकतो आणि ‘घ्या!’ अशी हाक जाते. ते कडे कशासाठी बसवले होते, किती ताण सोसेल, त्याचे बोल्ट कशात आवळलेले आहेत, हे त्या घाईत कुणी विचारत नाही. विचारूनही फारसा उपयोग नसतो, कारण त्या वेळी उत्तर बदलता येत नाही. उत्तर आधीच ठरलेले असते. गाडी कोरडी होती, गॅरेजमध्ये रॅम्पवर उभी होती, तेव्हाच. फोर बाय फोर गाडीला ओढायची सुरक्षित जागा, म्हणजे रिकव्हरी पॉइंट, कशी निवडावी आणि कशी बसवावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे. टायर, लाइट, सस्पेन्शन, छतावरचे कॅरिअर यांवर भरभरून बोलणारी आपली मंडळी या विषयाशी आली की गप्प होतात. त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण गाडीला लावलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेऊ शकेल अशी वस्तू ही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ओढणारी आणि ओढली जाणारी अशा दोन गाड्यांमध्ये एक साखळी तयार होते: इकडची चासी, तिचे बोल्ट, पॉइंट, शॅकल (पॉइंट आणि पट्टा जोडणारी लोखंडी कडी), मधला पट्टा, आणि मग तोच क्रम उलटा, तिकडच्या चासीपर्यंत. ताण वाढत गेला तर या साखळीत कुठेतरी काहीतरी सुटणार किंवा तुटणार. काय तुटेल ते नशिबावर सोडायचे नाही, आधी ठरवून ठेवायचे. तुटायचेच तर पट्टा तुटावा, लोखंड जागचे हलू नये. पट्टा तुटला तर कापड तुटते, आणि त्याचा फटकाही काही कमी नसतो. पण पॉइंट तुटला तर पट्ट्याच्या टोकाला लोखंडाचा एक तुकडा मोकळा होतो आणि पट्ट्यात साठलेला सगळा जोर त्या तुकड्याला समोरच्या गाडीच्या काचेकडे फेकतो. म्हणून पॉइंट, त्याचे बोल्ट आणि ते ज्यात बसले आहेत तो चासीचा भाग, हे तिन्ही मिळून पट्ट्यापेक्षा बळकट असले पाहिजेत. दोन पट्टे शॅकलने जोडायचे नसतात तेही याच कारणाने. ती शॅकल कोणत्याच गाडीला बांधलेली नसते.

आता बंपरखाली दिसणाऱ्या त्या कड्याकडे वळू. कारखान्यातून आलेल्या गाडीला पुढे-मागे दोन प्रकारची कडी असू शकतात. एक असते गाडी ट्रेलरवर किंवा जहाजावर चढवल्यावर जखडून ठेवण्यासाठी. तिचे काम गाडीला हलू न देण्याचे. ती बहुधा वाकवलेल्या पट्टीची असते, एका बोल्टवर किंवा दोन वेल्डवर टांगलेली. दुसरी असते टोचनासाठी, बिघडलेली गाडी सपाट रस्त्यावरून हळूहळू ओढून नेण्यासाठी. आजच्या बऱ्याच गाड्यांत ही कडी टूलकिटमध्ये वेगळी मिळते आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून आटे फिरवून बसवावी लागते. ती किती सोसेल याचा अंदाज घ्यायचा तर युरोपीय समुदायाचा १९७७चा ७७/३८९ हा नियम पाहावा. टोचनाच्या साधनाने गाडीच्या कमाल मान्य वजनाच्या किमान निम्म्याइतका स्थिर ओढ-दाब सोसला पाहिजे, एवढीच त्यात अट होती. म्हणजे अडीच टनांच्या गाडीला सव्वा टन. रस्त्यावरून बंद गाडी ओढायला ते पुरेसे आहे, आणि ज्यांनी ते ठरवले त्यांची त्यात काही चूक नाही. चूक होते ती त्या कड्याला चिखलातल्या कामाला लावणाऱ्याची.

चिखलातले काम किती मोठे असते? अमेरिकी लष्कराच्या वाहने सोडवण्याच्या पुस्तिकांत यासाठी एक ढोबळ हिशेब वर्षानुवर्षे चालत आला आहे. गाडी चाकापर्यंत रुतली असेल तर ती हलवायला तिच्या वजनाइतका जोर लागेल असे धरावे, मडगार्डपर्यंत रुतली असेल तर दुप्पट. त्यात चढाची भर वेगळी. म्हणजे अडीच टनांच्या गाडीला, सामान आणि माणसांसह, अडीच ते पाच टनांची ओढ. हे झाले सावकाश ओढण्याचे. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा हिसका दिला जातो, आणि हिशेब खरा बिघडतो तो तिथे. ओढणारी गाडी अडीच टनांची आहे, दोर सैल ठेवून ती ताशी १५ किलोमीटरने निघाली, असे धरा. दोर ताठ होईल त्या क्षणी तिच्यात सुमारे २१,७०० ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. ती कुठेतरी जिरली पाहिजे. नऊ मीटरचा नायलॉनचा स्नॅच स्ट्रॅप, म्हणजे हिसक्यासाठीच बनवलेला ताणणारा पट्टा, वीस टक्के ताणला जातो, म्हणजे १.८ मीटर, तेवढ्या अंतरात ही ऊर्जा जिरली तर ताणाचे टोक साधारण अडीच टनांवर जाते, शिवाय इंजिनची ओढ. त्याच जागी पॉलिस्टरचा साधा टोचनपट्टा लावला, जो चार टक्केच ताणतो, तर तेवढीच ऊर्जा ३६ सेंटिमीटरमध्ये जिरावी लागते आणि ताण बारा टनांच्या घरात पोहोचतो. साखळी किंवा वायररोप असेल तर विचारूच नका. रुतलेली गाडी जागची हललीच नाही असे धरून केलेला हा हिशेब आहे. ती हलली तर आकडा खाली येतो. पण ती हलली नाही, हीच तर धोक्याची वेळ. आणि सव्वा टनाच्या अटीवर बनलेले कडे या आकड्यांपुढे कुठे बसते ते सांगायला नको.

तुटल्यावर काय होते तेही याच हिशेबातून दिसते. पाऊण इंचाच्या बो शॅकलचे वजन एक किलोच्या आसपास असते. पट्ट्यात साठलेल्या त्या २१,७०० ज्यूलपैकी शंभरातले दोनच भाग तिच्या वाट्याला आले, तरी ती ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने सुटते. पुढच्या काचेला ती थांबवता येत नाही. ऑस्ट्रेलियात वाळवंट, किनारे आणि दूरदूरची वस्ती यांमुळे गाडी ओढून काढणे हा रोजच्या जगण्याचा भाग आहे, आणि तिथे अशा अपघातांत माणसे गेलेली आहेत. त्यामुळे त्या देशाने २०१० साली रिकव्हरी स्ट्रॅपसाठी ग्राहक-सुरक्षेचे सक्तीचे मानक केले. पट्ट्यावर इशारा छापावाच लागतो. साधा टो-बॉल किंवा गाडी जखडायचे कडे या कामासाठी बनवलेले नाही, पट्टा किंवा गाडीचा भाग सुटून माणूस जबर जखमी होऊ शकतो किंवा मरू शकतो, असे त्यात स्पष्ट सांगावे लागते. पट्ट्याचा तुटण्याचा भार दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावा आणि बघ्यांनी पट्ट्याच्या मूळ लांबीच्या किमान दीडपट दूर उभे राहावे, हेही तिथूनच आले. टो-बॉलचा उल्लेख वाचून तो आपला प्रश्न नाही असे वाटेल, कारण आपल्याकडे कॅरॅव्हॅन ओढणारे कितीसे? पण मागून दुचाकी किंवा रिक्षा लागू नये म्हणून मागच्या बंपरखाली चकचकीत नळी आणि तिच्यावर गोळा बसवलेल्या गाड्या पुण्या-मुंबईच्या प्रत्येक सिग्नलला दिसतात. तो गोळा शोभेचा आहे. ट्रेलर ओढायच्या खऱ्या गोळ्यावरसुद्धा हिसक्याने पट्टा ओढायचा नसतो, मग शोभेच्या गोळ्याची काय कथा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आजवर याच कड्याने शेकडो गाड्या काढल्या, काही झाले नाही. हे म्हणणे खोटे नसते, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. बहुतेक वेळा गाडी खरोखर खोल रुतलेली नसते. टायरची हवा कमी करून आणि चार फावडी माती काढून ती आपणहून निघाली असती. अशा वेळी कड्यावर अर्धा-पाऊण टनापेक्षा जास्त ताण येत नाही आणि ते टिकते. टिकले म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. पण पोलादाला हिसक्यांची आठवण राहते. प्रत्येक मोठ्या हिसक्यात बोल्टाचे भोक किंचित लांबते, वेल्डच्या कडेला केसासारखी चीर पडते, आणि हे सारे चिखलाखाली, रंगाखाली. पुढचा हिसका आधीच्यापेक्षा मोठा असायलाच हवा असे नाही. पोलाद थकलेले असले की पुरते. शंभर वेळा टिकलेल्या कड्यावरून एकशे एकाव्या वेळेचा अंदाज बांधता येत नाही, कारण त्या शंभर वेळांत त्याच्यावर किती भार आला ते कुणी मोजलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जबाबदार माणसांकडून येतो. आम्ही हिसका देतच नाही, ट्रॅक्टर किंवा जेसीबी लावून सावकाश ओढतो, मग एवढा खटाटोप कशाला? सावकाश ओढणे चांगलेच, आणि जिथे शक्य असेल तिथे तेच करावे. पण ट्रॅक्टरला लावलेली साखळी ताणत नाही, आणि क्लच सोडताना पाऊल जरा जरी जास्त उचलले गेले तरी सावकाश ओढीचा हिसका होतो. जेसीबीची तर वेगळीच अडचण आहे. त्याच्या बादलीला दोर बांधून उचल घेतली जाते तेव्हा किती जोर लागतो आहे हे चालकाला जाणवतच नाही. त्याच्या यंत्राच्या मानाने आपली गाडी काहीच नसते. समोर बळ जितके जास्त, तितकी आपल्या गाडीवरची जागा भक्कम आणि तिची क्षमता माहीत असणे जास्त गरजेचे. शिवाय किनाऱ्यावर भरती सुरू झालेली असते, अंधार पडत असतो, आणि सावकाश जायचे ठरवून आलेली माणसेही मग घाई करू लागतात. जागा सापडली नाही की एक्सलला, पाट्याला, सस्पेन्शनच्या आर्मला, कधी तर स्टिअरिंगच्या रॉडला दोर गुंडाळला जातो. गाडी बाहेर येते, पण ब्रेकचा पाइप दाबला गेलेला असतो, आणि ते घाट उतरताना कळते.

बसवण्याच्या कामात खरी मेख बोल्टात असते, म्हणून तिथे जरा थांबतो. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले असते त्याचा अर्थ सरळ आहे: पहिल्या आकड्याची शंभरपट, म्हणजे ८०० मेगापास्कलला तो तुटतो, आणि त्याच्या आठ दशांशाला, ६४० ला, कायमचा ताणला जाऊ लागतो. एम १२ बोल्टाचा आट्यांमधला परिणामी छेद ८४.३ चौरस मिलिमीटर. कापला जाण्याची ताकद ताणाच्या सुमारे साठ टक्के धरली तर असा एक बोल्ट आट्यांतून चार टनांना कापला जातो. दोन बोल्ट म्हणजे आठ टन, आणि तेही दोघांवर सारखा भार आला तर. अडीच टनांच्या गाडीसाठी साडेसात टनांपर्यंतचा पट्टा लागतो हे लक्षात घेतले, की दोन एम १२ बोल्ट अगदी काठावर येतात. म्हणून १०.९ चे बोल्ट, किंवा एम १६, किंवा तीन-चार बोल्ट. बोल्टाची बिनआट्याची दांडी कापाच्या रेषेवर येईल इतकी लांबी निवडली तर त्याच एम १२ ला ८४ ऐवजी ११३ चौरस मिलिमीटर मिळतात. दुकानात दोन मिनिटे जास्त उभे राहण्याचा हा मोबदला. चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट लावणाऱ्यांनी एवढे पाहावे की ए२-७० जातीचा बोल्ट ७०० ला तुटतो आणि ४५० ला कायमचा ताणला जाऊ लागतो. एकच बोल्ट कितीही जाड घेतला तरी चालणार नाही, कारण तिरकी ओढ आली की पॉइंट त्याच्याभोवती फिरतो आणि तो सैल करतो.

पण बोल्ट टिकला म्हणून जागा टिकत नाही. चासीचा पत्रा तीन मिलिमीटरच्या आसपास असला तर १२ मिलिमीटरच्या बोल्टाला टेकायला अवघे ३६ चौरस मिलिमीटर मिळतात. साधारण ४०० मेगापास्कलच्या पोलादात ते भोक दीड टनाच्या आसपास लांबायला लागेल, बोल्ट कापला जाण्याच्या कितीतरी आधी. याला उपाय म्हणजे पत्र्याला आतून-बाहेरून जाड पाठपट्टी, आणि बोल्ट आरपार जाणार असेल तर पेटीसारख्या पोकळ चासीत आतून नळी, म्हणजे नट आवळताना पेटी चेपत नाही. बोल्ट नुसते भोकात अडकवायचे नसतात. टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळले की दोन पत्रे एकमेकांवर इतके दाबले जातात की काही भार घर्षणानेच पेलला जातो आणि बोल्ट हिसक्याने खेळत नाही. मधे रंगाचा किंवा अंडरकोटिंगचा जाड थर राहिला तर तो पुढे दबतो आणि आवळ निघून जाते. आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसते पण लक्षात येत नाही. पॉइंट चासीच्या खालच्या अंगाला लावून तो दहा सेंटिमीटर खाली लोंबत ठेवला आणि दोन बोल्ट ओढीच्या दिशेने एकमेकांपासून आठ सेंटिमीटरवर असले, तर पाच टनांच्या ओढीत एका बोल्टावर सहा टनांहून अधिक उपटण्याचा ताण येतो. पट्टा लावणारा म्हणतो ‘पाचच टन ओढले’, पण बोल्टाने सहा सोसलेले असतात, शिवाय कापण्याचा भार वेगळा. ओढीची रेषा चासीच्या जितकी जवळ, तितके हे उपटणे कमी. चासीच्या उभ्या बाजूला सपाट टेकणारा पॉइंट म्हणूनच बरा.

आणि वेल्डिंग? आपल्या फॅब्रिकेशनच्या मिस्त्र्यांचा हात चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. ट्रकच्या बॉड्या त्यांच्याच हातच्या असतात. पण जाड पट्टीला जाड पट्टी जोडणे वेगळे आणि पातळ, उच्च ताकदीच्या पत्र्यावर जाड पट्टी जोडणे वेगळे. वेल्डशेजारच्या पट्ट्यात उष्णतेने पोलादाचा पोत बदलतो आणि पत्रा फाटतो तो नेमका वेल्डच्या कडेने, वेल्ड शाबूत राहून. चांगला वेल्ड पाहून आपण निर्धास्त होतो, आणि दोष त्याच्या शेजारी असतो. वेल्डचे आतले अंग पाहण्याची सोयही नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नसते. बोल्टची जोडणी उघडून पाहता येते, मोजता येते, बदलता येते. या पुस्तिकेत चासीवर वेल्ड करून पॉइंट बसवण्याची एकही पद्धत दिलेली नाही ती त्यामुळे.

बाजारात पॉइंट विकत मिळतात आणि त्यांच्यावर टनांचा आकडाही कोरलेला असतो. तो आकडा वाचताना तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. तो कामाचा भार आहे की तुटण्याचा? शॅकलवर ४.७५ टन लिहिलेले असते तो कामाचा भार, आणि चांगली शॅकल त्याच्या पाच-सहापट भाराला तुटते. पॉइंटवरचा आकडा मात्र कित्येकदा तुटण्याचा असतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहणाऱ्याला पॉइंट जास्त बळकट वाटतो. दुसरे, तो आकडा कोणत्या गाडीच्या चासीवर, कोणत्या बोल्टांसह आहे? हातात धरलेल्या पट्टीची चाचणी आणि गाडीवर बसवलेल्या पॉइंटची चाचणी या वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरे, कोणत्या दिशेने? सरळ ओढीला दिलेला आकडा तिरक्या ओढीला लागू होत नाही. स्क्रूपिन शॅकलचेच पाहा: ४५ अंशांनी बाजूला ओढले तर तिची क्षमता सत्तर टक्क्यांवर येते, ९० अंशांना निम्म्यावर. पुढे दोन पॉइंट असले तर दोघांमध्ये पट्टा घालून भार वाटून घेता येतो, पण तो पट्टा लांब हवा. दोन फाट्यांमधला कोन साठ अंश असेल तर प्रत्येक पॉइंटवर ओढीच्या अट्ठावन्न टक्के येतात, एकशेवीस झाला तर प्रत्येकावर संपूर्ण ओढ येते आणि वाटून घेतल्याचा फक्त भास उरतो.

सॉफ्ट शॅकल आली, आता लोखंड उडायचा प्रश्नच मिटला, असेही हल्ली ऐकू येते. डायनीमाच्या दोराची ती गाठ वजनाला नगण्य आणि ताकदीला जबरदस्त असते. तिचे स्वागतच आहे. मधले लोखंड कमी झाले की माझ्या म्हणण्याला बळच मिळते. पण तिने पॉइंटचा प्रश्न सुटत नाही, उलट एक अट वाढते. लेझरने कापलेल्या पट्टीच्या भोकाची कड सुरीसारखी असते, आणि दोराची शॅकल तिच्यावर ताणली की एकेक तंतू कापला जातो. म्हणून पॉइंटचे भोक गोलाईने घासलेले हवे किंवा कडे गोल सळईचे हवे. आणि पॉइंटच उपटला तर तो सॉफ्ट शॅकलच्या टोकाला बांधलेला असतो. उडायला लोखंड आहेच.

सर्वांत गंभीर आक्षेप अपघात आणि कायदा या बाजूने येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पुढच्या भागात भक्कम लोखंड बसवले तर धडकेच्या वेळी चुरगळून आघात शोषणारा भाग चुरगळत नाही, एअरबॅगच्या सेन्सरला मिळणारा इशारा बदलू शकतो, आणि समोरच्या पादचाऱ्याला काय लागेल हा प्रश्न तर पहिला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवले ते याच कारणांनी. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. मला हे निर्बंध योग्य वाटतात. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाची सुरक्षितता आपल्या चिखलातल्या हौसेपेक्षा आधी येते. पण त्यातून निष्कर्ष पॉइंट नकोच असा निघत नाही. पॉइंट बंपरच्या रेषेच्या आत असावा, त्याने चुरगळणाऱ्या भागाला ओलांडून पूल बांधू नये, आणि कारखान्याने चासीला दिलेल्या आट्यांच्या भोकांतच तो बसावा, असा निघतो. नवे भोक पाडणे, चासी कापणे, पुढे सुळे काढणे यातले काही लागत असेल तर तो पॉइंट त्या गाडीसाठी नाही. उत्पादकाचे अधिकृत साधन मिळत असेल तर ते आधी पाहावे, आणि बसवण्यापूर्वी विमा कंपनीला व परिवहन कार्यालयाला लेखी विचारावे. उत्पादकांकडेही एक मागणी आहे. डोंगर-नदी-वाळूच्या जाहिराती करून गाडी विकायची असेल, तर तिच्या ओढायच्या जागेवर क्षमतेचा आकडा कोरून द्यावा. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर आणि २०२१ च्या चिपळूण-महाडच्या पुरानंतर अशा गाड्यांकडून मदतकार्याची अपेक्षा आणखी वाढणार हे उघड आहे. ती अपेक्षा आकडा नसलेल्या कड्यावर टांगून ठेवता येणार नाही.

ज्यांची गाडी शिडीच्या चासीवर नसून मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली, आहे, त्यांना इथे निराश करावे लागते. अशा गाड्यांत दोर बांधून हिसका देण्याजोगी जागा सहसा नसतेच. आट्यांचे कडे सरळ रेषेत, सपाट जागी, हळू ओढायला आहे. त्यांच्यासाठी फावडे, चाकाखाली घालायच्या पाट्या, टायरची कमी केलेली हवा आणि धीर. खरे तर हा क्रम सगळ्यांसाठीच आहे. आधी खणा, मग हवा सोडा, मग पाट्या घाला, आणि एवढे करून गाडी निघाली नाही तर पट्टा काढा. प्रत्येक फावड्यागणिक पॉइंटवर येणारा ताण कमी होतो.

कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांसाठी तपासणीचे वेगळे प्रकरण जोडले आहे. गंजाने बोल्टाचे डोके शाबूत दिसते आणि नटाखालचा आटा गेलेला असतो. आवळून झाल्यावर नट आणि पत्रा यांवरून रंगाची एक सरळ रेघ मारावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. मोठ्या ओढीनंतर भोकांचे माप कॅलिपरने घ्यावे, आणि बसवताना घेतलेल्या मापाशी ताडून पाहावे, म्हणजे पत्रा लांबला की नाही ते कळते. त्यासाठी पहिले माप कुठेतरी लिहून ठेवलेले पाहिजे. म्हणून पहिल्या प्रकरणात काही विकत घ्यायला सांगितलेले नाही. गाडी रॅम्पवर घ्या, पुढची चासीची दोन्ही टोके घासून स्वच्छ करा, पत्र्याची जाडी, भोकांचा व्यास, त्यांच्यातले अंतर, आट्यांची जात आणि गाडीचे नोंदणीपत्रावरचे भरलेले वजन, हे शेवटच्या पानावरच्या रिकाम्या तक्त्यात भरा, आणि मग पुढे वाचा.